यंत्र गोठते तेव्हा : आधी जतन, मग तपास, शेवटी उपचार

(तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका ग्रामीण ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या मेळाव्यात मला जो विषय देण्यात आला आहे, तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. नवा लॅपटॉप घेतला आणि त्यात मुळातच असलेली ॲप्स वारंवार गोठू लागली, तर काय करावे, हा तो विषय. ज्याला आपण बोलण्याच्या ओघात 'हँग होणे' म्हणतो, तीच ही अवस्था. मी संगणकतज्ज्ञ नाही. माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकविले आणि निवृत्तीनंतर गावच्या ग्रंथालयाचे कार्यवाहपद स्वीकारले, एवढीच माझी पात्रता. तरीही मी बोलावयास उभा राहिलो, याचे कारण माझ्या हातून या बाबतीत एक चूक घडली आणि तिची किंमत माझ्यापेक्षा गावाला अधिक मोजावी लागली. ती चूक आपल्यापैकी कोणाकडूनही होऊ नये, एवढाच माझ्या बोलण्यामागील हेतू आहे.

घडले ते असे

आमच्या ग्रंथालयात एक जुना संगणक होता. त्यावरील 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. साहजिकच नवे यंत्र घेण्याचा ठराव झाला. वाचकांनी वर्गणी दिली, दोन माजी विद्यार्थ्यांनी भर घातली आणि 'विंडोज ११' असलेला लॅपटॉप ग्रंथालयात आला. त्या दिवशी आम्ही त्याची हळदकुंकू वाहून पूजाही केली.

आमच्या ग्रंथपाल ताईंनी सात महिने खपून ६,४१२ पुस्तकांची दाखल नोंद संगणकावर उतरविली होती. याशिवाय त्यांनी आणखी एक मोलाचे काम केले होते. गावातील वयोवृद्ध वाचकांच्या आठवणी त्यांनी आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ग्रंथालय कसे उभे राहिले, पहिली पुस्तके कोणी दिली, दुष्काळाच्या वर्षी वाचनालयाच्या ओट्यावर काय चाले, अशा अकरा मुलाखती होत्या. मोबाइलमधील जागा संपली म्हणून ताईंनी त्या नव्या लॅपटॉपवर हलविल्या आणि मोबाइलमधून पुसल्या. जुना संगणकही रिकामा करून मोडीत दिला. म्हणजे साऱ्याची एकुलती एक प्रत त्या नव्या यंत्रात राहिली.

तिसऱ्याच दिवशी तक्रार सुरू झाली. छायाचित्रे दाखविणारे 'फोटोज' हे ॲप उघडे आणि निश्चल होई. 'कॅल्क्युलेटर' उघडला की आकडे दाबले जात नसत. 'नोटपॅड' आणि 'सेटिंग्ज' यांचीही तीच गत. वरच्या पट्टीवर 'प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची अक्षरे येत, खिडकी फिकट पडे. आश्चर्य असे की, आम्ही वेगळी घातलेली हिशेबाची आज्ञावली मात्र बरी चाले.

मी तालुक्याच्या गावाहून एका तंत्रज्ञाला बोलाविले. त्याने पाच मिनिटे यंत्र पाहिले आणि "फॉरमॅट करावे लागेल" असे सांगितले. "आत काही महत्त्वाचे आहे का?" असेही त्याने विचारले. ताई त्या दिवशी रजेवर होत्या. मी त्यांना दूरध्वनी करावयास हवा होता. तो न करता, "नवेच यंत्र आहे, काय असणार?" असे उत्तर मी दिले. त्याने सारी साठवण पुसली आणि कार्यप्रणाली नव्याने घातली.

दोन दिवसांनी ॲप्स पुन्हा गोठू लागली. नोंदी आणि मुलाखती मात्र परत आल्या नाहीत. नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी 'एसएसडी' प्रकारची साठवण असते, आणि ती बहुधा कूटबद्धही असते. ती एकदा पुसली की जुन्या तबकडीप्रमाणे खरवडून माहिती काढण्याची आशा जवळजवळ नसते. पुस्तकांची कागदी दाखलवही होती म्हणून तेवढे काम पुन्हा करता आले. मुलाखती दिलेल्या अकरा जणांपैकी दोघे तोवर कालवश झाले होते. त्यांचा आवाज आता कोठेही नाही. रोगही गेला नाही आणि ठेवाही गेला, असा हा प्रकार झाला.

गोठणे म्हणजे नेमके काय?

यानंतर मी या विषयाचा जरा नेटाने अभ्यास केला. संगणकावरील प्रत्येक खिडकीकडे कार्यप्रणाली सतत लहान लहान निरोप पाठवीत असते. बटण दाबले गेले, अक्षर टंकले गेले, खिडकी पुन्हा रंगवा, असे ते निरोप असतात. ॲपने ते एकामागून एक उचलून हातावेगळे करावयाचे असतात. एखादे ॲप सुमारे पाच सेकंदांपर्यंत निरोप उचलीत नाही, तेव्हा विंडोज त्याला निरुत्तर ठरविते आणि आपल्याला ती फिकट खिडकी दिसते.

याचा अर्थ असा की, गोठणे हा रोग नसून लक्षण आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसेच हे. ॲप साठवणीतून माहिती येण्याची वाट पाहत असेल, इंटरनेटच्या उत्तरासाठी खोळंबले असेल, पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ड्रायव्हरशी त्याचे जमत नसेल, त्याची स्वतःची एखादी फाइल बिघडली असेल, किंवा दुसरीच एखादी आज्ञावली त्याची वाट अडवून बसली असेल. लक्षण एक आणि कारणे अनेक, अशा वेळी पहिल्याच भेटीत जालीम औषध देणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्राबरोबर आलेल्या ॲप्सची एक निराळी बाबही ध्यानात घेतली पाहिजे. यांतील अनेक ॲप्स एका विशिष्ट पद्धतीने बांधलेल्या गाठोड्यांच्या रूपात बसविलेली असतात. ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून अद्ययावत होतात, त्यांची माहिती प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात स्वतंत्रपणे राहते आणि कार्यप्रणालीच्या समाईक भागांवर ती बरीच अवलंबून असतात. म्हणून अशी अनेक ॲप्स एकाच वेळी गोठत असतील, तर दोष प्रत्येक ॲपमध्ये नसून त्यांच्या समाईक पायात आहे, असा तर्क करता येतो. आमच्याकडे हिशेबाची आज्ञावली चालत होती आणि मूळची ॲप्स अडत होती. हाच खरा सुगावा होता, पण तो कोणी पाहिला नाही.

आधी जतन

आता उपाययोजनेकडे वळू. पहिली पायरी दुरुस्तीची नाहीच. ती जतनाची आहे. यंत्र सुरू होते आहे, फाइली उघडतात आहेत, तोवरच महत्त्वाचे सर्व काही बाहेरच्या साठवणीवर उतरवून घ्यावे. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क चालेल. उतरविलेली प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी, कारण न तपासलेली प्रत म्हणजे केवळ समजूत असते. मूळ प्रत आणि नक्कल एकाच कपाटात ठेवू नये.

दुसरी गोष्ट कुलपाच्या किल्लीची. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच साठवण आपोआप कूटबद्ध होते. तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात ठेवलेली असते. पुढे कधी यंत्राने ती मागितली आणि आपल्याजवळ नसली, तर आपलीच माहिती आपल्याला पारखी होते. म्हणून ते खाते कोणाचे, त्याचा परवलीचा शब्द कोणाजवळ आणि ती किल्ली कोठे, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे. संस्थेच्या यंत्रावर एखाद्या पदाधिकाऱ्याचे खासगी खाते घातलेले असेल, तर पदाधिकारी बदलताच अडचण उभी राहते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दोष की सुरुवातीची धावपळ?

नवे यंत्र पहिले एकदोन दिवस मंद वाटले, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. या काळात कार्यप्रणालीची अद्ययावत रूपे उतरत असतात, मूळची ॲप्स स्टोअरमधून नवी होत असतात आणि शोधासाठी फाइलींची सूची तयार होत असते. गावाकडील मंद इंटरनेटवर हे काम बराच वेळ चालते. यंत्र वीजजोडणीला लावून, इंटरनेट चालू ठेवून, ते पुरे होऊ द्यावे. सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' या सदरात काही शिल्लक नाही, असे दिसेपर्यंत थांबावे. तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हेही पाहावे, कारण ती चुकली तर स्टोअरची सुरक्षित देवघेव अडते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो. "बंद करून चालू केले, तरी तसेच" असे आपण म्हणतो. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल, तर 'शट डाऊन' केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा पूर्णपणे मिटत नाही. तो साठवणीवर जसाच्या तसा टिपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तेथूनच उचलला जातो. बिघडलेली स्थितीही त्याबरोबर परत येऊ शकते. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. म्हणून दोष तपासताना 'रिस्टार्ट'च करावे.

निरीक्षण आणि नोंद

एवढे करूनही ॲप्स गोठत राहिली, तर एक साधी चाळीस पानी वही घ्यावी. तीत तारीख, वेळ, कोणते ॲप गोठले, त्या क्षणी आपण काय करीत होतो, इंटरनेट चालू होते की बंद, एवढे लिहावे. एकच ॲप गोठते की सारी? केवळ यंत्राबरोबर आलेली की आपण घातलेलीही? सुरुवात कोणत्या दिवशी झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी यंत्रात काय नवे घातले? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, की निम्मा तपास झाला असे समजावे.

या कामी दोन साधने विंडोजमध्येच आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रक्रियक, स्मृती आणि साठवण यांच्यावर किती भार आहे, हे टक्क्यांत दिसते. स्मृतीचा रकाना सतत नव्वदीच्या वर असेल, तर यंत्राची स्मृती कामाला अपुरी पडत आहे, असे मानावयास जागा आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती लागते असे ठरविलेले आहे. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे, हे यंत्र विकत घेतानाच ध्यानात ठेवावे. उलट तिन्ही रकान्यांतील भार अल्प असूनही ॲप गोठत असेल, तर ते कशाची तरी वाट पाहत अडले आहे. आमच्या यंत्रात नेमके असेच दिसले.

दुसरे साधन 'रिलायबिलिटी मॉनिटर'. यंत्राने ठेवलेली ही दैनंदिनीच होय. कोणत्या दिवशी कोणती आज्ञावली घातली, कोणते ॲप बंद पडले, कोणते अद्यतन फसले, हे तेथे दिवसवार दिसते. आपल्या वहीतील नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात.

पायरीपायरीने उपचार

उपचारांचा क्रम असा असावा की, ज्यात हानी होण्याचा संभव सर्वांत कमी, तो उपचार सर्वांत आधी. एका वेळी एकच बदल करावा, रिस्टार्ट करावे, पाहावे आणि लिहावे. चार उपाय एकदम केले आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळत नाही. गुण न आला, तर बिघाड कोणत्या उपायाने वाढला हेही कळत नाही.

दोष एकाच ॲपपुरता असेल, तर स्टोअरमध्ये जाऊन ते अद्ययावत करावे. तेवढ्याने भागले नाही, तर सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत त्या ॲपच्या नावापुढील तीन ठिपक्यांवर टिचकी मारून प्रगत पर्याय उघडावेत. बहुतेक ॲप्सना तेथे 'रिपेअर' आणि 'रिसेट' अशी दोन बटणे आढळतात. 'रिपेअर'ने ॲपमधील माहितीला धक्का लागत नाही, म्हणून ते आधी. 'रिसेट'ने त्या ॲपने स्वतःजवळ साठविलेली माहिती आणि आवडीनिवडी पुसल्या जातात, म्हणून ते नंतर आणि विचारपूर्वक. दोन्ही शब्द शेजारी शेजारी असले, तरी त्यांच्या परिणामांत फार अंतर आहे.

अनेक ॲप्स गोठत असतील, तर पडद्याच्या चित्रविभागाचा ड्रायव्हर यंत्राच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधून नवा करून घ्यावा. त्यानंतर यंत्रावर एक नवे, कोरे वापरकर्ता-खाते तयार करून त्यात तीच ॲप्स चालवून पाहावीत. नव्या खात्यात ती सुरळीत चालली, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे आणि यंत्र निर्दोष आहे. तेथेही ती गोठली, तर आणखी खोल जावे लागेल.

कार्यप्रणालीच्या मूळ फाइली तपासण्याचीही सोय आहे. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या आज्ञा-खिडकीतून आधी 'डिझम' आणि मग 'सिस्टीम फाइल चेकर' ही दोन साधने क्रमाने चालवावी लागतात. पहिले साधन दुरुस्तीचा साठा नीट करते आणि दुसरे त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. या आज्ञा जाणकाराकडून समोर बसून चालवून घ्याव्यात. त्यांना वेळ लागतो, मधेच यंत्र बंद करू नये.

अर्ध्याअर्ध्याने शोध

आमच्या यंत्रात वरील सर्व पायऱ्या होऊनही दोष राहिला. तेव्हा माझ्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आता संगणक-शिक्षिका आहे, पुढची रीत दाखविली. 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' नावाच्या खिडकीत यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सेवांची यादी असते. त्यातील मायक्रोसॉफ्टच्या सेवा आधी यादीतून लपवाव्यात, म्हणजे चुकून त्यांना हात लागत नाही. उरलेल्या साऱ्या बंद करून रिस्टार्ट करावे. या चाचणीपुरते इंटरनेट तोडून ठेवावे, कारण संरक्षणाची सेवाही त्यात बंद होऊ शकते.

आम्ही तसे केले आणि ॲप्स विनातक्रार चालू लागली! म्हणजे कार्यप्रणाली शुद्ध होती, यंत्र शाबूत होते, आणि दोषी त्या बंद केलेल्या सोळा सेवांपैकी कोणी तरी होता. सोळांपैकी आठ चालू केल्या. दोष परतला. त्या आठांतील चारच ठेवल्या. दोष नाही. उरलेल्या चारांतील दोन, मग एक. चार फेऱ्यांत सोळांतून एक नाव पुढे आले. एकेक करून तपासले असते, तर कदाचित सोळा फेऱ्या लागल्या असत्या.

ती सेवा एका संरक्षक आज्ञावलीची, म्हणजे अँटिव्हायरसची होती. दुकानदाराने विक्रीच्या वेळी सद्भावनेने ती फुकट घालून दिली होती, पण तिची आवृत्ती जुनी होती आणि नव्या कार्यप्रणालीशी तिचे जमत नव्हते. प्रत्येक ॲप उघडताना ती मध्ये पहारा देई आणि पहाऱ्यातच ॲप अडकून पडे. फॉरमॅटनंतर दोष का परतला, याचेही उत्तर मिळाले. यंत्र पुसल्यावर तंत्रज्ञाने आपल्या पेन ड्राइव्हमधून तीच जुनी आज्ञावली सवयीने पुन्हा घातली होती! आम्ही ती रीतसर काढून टाकली, रिस्टार्ट केले आणि विंडोजचे स्वतःचे संरक्षण चालू झाल्याची खात्री करून घेतली. दोष गेला तो गेलाच. एका संध्याकाळचे काम होते. त्यासाठी एकही फाइल पुसावी लागली नाही.

संरक्षक आज्ञावल्या कार्यप्रणालीच्या फार आत बसतात, म्हणून त्यांचा दोष साऱ्या यंत्राला भोवतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच एका आज्ञावलीचे सदोष अद्यतन गेले आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. विमानतळ, बँका, रुग्णालये यांचे व्यवहार खोळंबले. दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो, असे समजून आपल्या भगिनींनी संकोच करू नये, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले.

हमी आणि ग्राहकाचा हक्क

काही वेळा दोष खरोखरच यंत्राच्या अंगात असतो. केवळ ॲप नव्हे तर माउसचा बाणसुद्धा थिजणे, निळा पडदा येऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे, फाइली उघडताना वाचनदोषाचा संदेश येणे, ही त्याची चिन्हे. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे स्मृती तपासणारे साधन यंत्रातच असते, ते चालवून पाहावे. दोष यंत्राचा ठरला, किंवा कारखान्यातून आले तशा स्थितीतही ॲप्स गोठत राहिली, तर स्वतः खोलाखोल करू नये. पावती आणि हमीपत्र घेऊन अधिकृत सेवाकेंद्राकडे जावे. नवे यंत्र बदलून देण्याची विक्रेत्याची मुदत फार थोड्या दिवसांची असते, म्हणून तक्रार पहिल्याच आठवड्यात लेखी करावी. आपली चाळीस पानी वही येथे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दाद न मिळाल्यास १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही.

मदतीच्या वेषातील चोर

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. यंत्र अडले की माणूस घाईने इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो. तेथे खोटे क्रमांक पेरून बसलेली माणसे असतात. "तुमच्या यंत्राचा ताबा आम्हाला द्या, आम्ही येथून दुरुस्त करतो" असे म्हणून ती बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतात. मायक्रोसॉफ्ट किंवा यंत्राचा निर्माता आपण होऊन दूरध्वनी करून "तुमच्या संगणकात बिघाड आहे" असे कधी सांगत नाही. मदतीचा क्रमांक यंत्राबरोबर आलेल्या कागदावरून किंवा निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

पतंगाची नोंद

बंधुभगिनींनो, ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्रात बिघाड झाला. तेथील कर्मचाऱ्यांनी यंत्र तपासले, तेव्हा त्यांना सत्तर क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो काढला आणि चिकटपट्टीने आपल्या नोंदवहीत लावून, दुपारी पावणेचारची वेळ घालून, खाली नोंद केली. ते पान आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्या काळातील सर्वांत प्रगत यंत्रांपैकी एक हाताळणाऱ्या माणसांनीही वही सोडली नव्हती. आमच्या ग्रंथालयातही दाखलवही होती म्हणून पुस्तकांची यादी पुन्हा उभी राहिली, आणि मुलाखतींची दुसरी प्रत नव्हती म्हणून त्या गेल्या. ज्या संस्था नोंदीवरच उभ्या आहेत, त्यांच्या कार्यकर्त्यांना नोंदीचे महत्त्व मी वेगळे सांगावयास नको.

आमच्या ग्रंथालयात आता प्रत्येक शनिवारी सायंकाळी नव्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविली जाते. डिस्क शाळेच्या कपाटात राहते आणि ताई वहीत सही करतात. संगणकातील काहीही पुसण्यापूर्वी ग्रंथपाल आणि कार्यवाह अशा दोघांच्या सह्या लागतील, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. तो ठराव मीच मांडला. मुलाखती देणाऱ्यांपैकी जे नऊ जण हयात आहेत, त्यांच्या घरी ताई पुन्हा जात आहेत. आजवर सहा मुलाखती पुन्हा झाल्या. एक आजोबा म्हणाले, "मागच्या वेळी सांगितले ते आता तितके आठवत नाही, पण विचारा, जमेल तेवढे सांगतो."

आपल्या ग्रंथालयात नवा लॅपटॉप आला असेल किंवा येणार असेल, तर या मेळाव्याहून परत गेल्यावर दोनच कामे करा. यंत्रात जे एकुलते एक आहे, त्याची दुसरी प्रत करा. आणि यंत्राशेजारी एक वही ठेवा. ॲप्स गोठली, तर ती पुन्हा चालू करता येतात. त्या आजोबांच्या शेजारी राहणाऱ्या, आता नसलेल्या, दोन वृद्धांचा आवाज मला पुन्हा आणता येणार नाही.